श्वसनोपचाराच्या पदवीसाठी अर्ज करताना: खाटेजवळचे तास मोजा

गडहिंग्लज तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत तिला 61 टक्के गुण आहेत. नीटमध्ये वैद्यकीय प्रवेशाइतके गुण मिळाले नाहीत. मागच्या पावसाळ्यात तिच्या मामांना मण्यार जातीचा साप चावला, ते कोल्हापुरात 9 दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि बरे होऊन स्वतःच्या पायांनी घरी आले. त्या दिवसांत मामांच्या खाटेजवळ येऊन श्वास तपासणारे, नळी साफ करणारे, यंत्राचे आकडे बदलणारे रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसनोपचार करणारे, तिने पाहिले आणि हेच शिक्षण घ्यायचे ठरवले. घरच्यांच्या शंका तीन आहेत: ही नुसती मशीन चालवणाऱ्याची नोकरी आहे का, अर्ज कोठे आणि कसा करायचा, आणि मुलीला रात्रपाळी झेपेल का.

मी गेली 19 वर्षे कोल्हापुरातील अतिदक्षता विभागांत हेच काम करते आणि त्यांतील बराच काळ इंटर्न मुलामुलींना शिकवते आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्याभोवतीच फिरणार आहे. श्वसनोपचाराचा अभ्यासक्रम निवडताना पदवीचे नाव, इमारत किंवा शुल्क यांच्याआधी एकच हिशेब करावा: या अभ्यासक्रमात विद्यार्थी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली रुग्णाच्या खाटेजवळ किती तास उभा राहतो? हे तास भरपूर असतील तर साध्या इमारतीतूनही उत्तम थेरपिस्ट तयार होतो, आणि हे तास नसतील तर चार वर्षांच्या शेवटी हातात फक्त गुणपत्रिका राहते.

घरच्यांची पहिली शंका मी हलकी मानत नाही, कारण ती रुग्णालयात काम करणाऱ्या अनेकांच्याही मनात असते. 1952 साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात एवढ्या संख्येने येऊ लागले की हाताशी असलेली श्वसनयंत्रे पुरणे शक्यच नव्हते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्याचा आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग सुचवला. सुमारे 1,500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवड्यांमागून आठवडे त्या पिशव्या दाबल्या, आणि अशा रुग्णांमधील मृत्यूचे भयानक प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात त्या साथीत झाली असे मानतात. म्हणजे आमच्या कामात आधी माणसाचा हात आला, यंत्र नंतर आले. आजही वीज गेली, यंत्र अडले किंवा नळी निसटली की पहिली हालचाल तीच असते: यंत्र बाजूला काढायचे, पिशवी हातात घ्यायची आणि छाती वर येते का ते पाहायचे.

मामांचे उदाहरण तुम्ही स्वतः पाहिलेले आहे, म्हणून त्यावरूनच सांगते. मण्यारीचा दंश पुष्कळदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होतो आणि त्याची खूणही नीट दिसत नाही. काही तासांत पापण्या जड होतात, बोलणे नाकातून येऊ लागते, लाळ गिळता येत नाही आणि मग छातीचे स्नायू थकत जातात. मण्यारीचे विष स्नायूंना निरोप पोचवणाऱ्या नसांच्या टोकांनाच इजा करते; त्यामुळे सर्पविषावरील लस दिली तरी आधी झालेली इजा लगेच उलटत नाही, ती टोके पुन्हा नीट होईपर्यंत रुग्णाचा श्वास बाहेरून चालवावा लागतो. या काळात रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, मात्र तो शुद्धीवर असू शकतो आणि त्याला सगळे ऐकू येत असू शकते. म्हणून मी प्रत्येक नव्या इंटर्नला पहिल्याच दिवशी सांगते की सक्शन करण्यापूर्वी रुग्णाला नावाने हाक मारा, ‘आता नळीतला कफ काढणार आहे, खोकला येईल’ असे सांगा आणि मगच हात लावा. हे कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर लिहिलेले नसते. तुमच्या मामांजवळ असे कोणी बोलत होते का, हे त्यांना जरूर विचारा. त्यांचे उत्तर तुम्हाला या व्यवसायाविषयी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक शिकवेल.

यंत्रावर आकडा घालणे हेही ‘चालवणे’ नव्हे. 155 सेंटिमीटर उंचीची आणि 80 किलो वजनाची एक बाई तीव्र न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर आली असे समजा. प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची हे तिच्या काट्यावरच्या वजनावरून ठरवत नाहीत. उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावरून ठरवतात, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. स्त्रियांसाठी हे सूत्र 45.5 अधिक 0.91 गुणिले उंचीतील 152.4 सेंटिमीटरच्या वरचा भाग असे आहे. या बाईचे अपेक्षित वजन सुमारे 48 किलो येते आणि किलोमागे 6 मिलिलिटर धरले तर एका श्वासाला सुमारे 290 मिलिलिटर हवा पुरते. कोणी 80 किलो धरून तोच गुणाकार केला तर 480 मिलिलिटर हवा आत जाईल आणि आधीच सुजलेली फुप्फुसे ताणली जातील. 2000 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या रुग्णांना किलोमागे 12 मिलिलिटर हवा दिलेल्या गटात सुमारे 40 टक्के, तर 6 मिलिलिटर दिलेल्या गटात 31 टक्के रुग्ण दगावले होते. एका गुणाकाराच्या चुकीचा अर्थ इतका मोठा असतो. अंतिम निर्णय डॉक्टरांचा असतो. परंतु रात्री 3 वाजता टेप घेऊन रुग्णाची उंची मोजणारा आणि आकडा चुकला आहे हे डॉक्टरांच्या लक्षात आणून देणारा माणूस बहुधा थेरपिस्ट असतो.

तुमचे 61 टक्के कमी आहेत का, या भीतीचे उत्तरही यातच आहे. बहुतेक संस्था बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि विज्ञान विषयांत एकत्रित 50 टक्क्यांच्या आसपास गुण मागतात, आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते. म्हणजे दार बंद नाही. मात्र भौतिकशास्त्राची नावड असेल तर ती आताच दूर करा, कारण दाब, आकारमान, प्रवाह आणि रोध यांच्याशी रोजचा संबंध येणार आहे. रुग्णवाहिकेत वापरला जाणारा बी प्रकारचा ऑक्सिजन सिलिंडर पूर्ण भरलेला असताना त्यात सुमारे 1,500 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटरने तो 150 मिनिटे, म्हणजे अडीच तास चालतो. कोल्हापुराहून पुणे सुमारे 230 किलोमीटर आहे आणि रस्ता मोकळा असला तरी चार तास लागतात. दोन सिलिंडर घेऊन निघालेली गाडी खंबाटकी घाटात अडकली तर काय होईल, याचा हिशेब गाडी सुटण्यापूर्वी कोणीतरी करायचा असतो. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली, तेव्हा हा साधा भागाकार आमच्यापैकी प्रत्येकाने दिवसातून कित्येकदा केला.

आता अर्जाकडे वळते. पण अर्ज भरण्यापूर्वी दोन दिवस एखाद्या अतिदक्षता विभागात किंवा छातीरोग विभागात, परवानगी घेऊन, नुसते उभे राहून पाहा, असा माझा आग्रह आहे. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचे डॉक्टर असतील, त्यांच्यामार्फत रीतसर विनंती करा. रुग्णांची माहिती बाहेर बोलायची नाही आणि कशालाही हात लावायचा नाही, या दोन अटी पाळल्या तर पुष्कळ ठिकाणी नकार मिळत नाही. नातेवाईक म्हणून खाटेजवळ बसणे वेगळे आणि एका पाळीत आठ अनोळखी रुग्णांचा कफ, घाम, वास, वेदना व कधी मृत्यू पाहणे वेगळे. तिसऱ्या सत्रात पहिल्यांदा वॉर्डात गेल्यावर हे आपल्याला सोसत नाही असे कळलेल्या चांगल्या, हुशार मुली मी पाहिल्या आहेत. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता, परंतु घरच्यांनी जमिनीवर कर्ज काढून भरलेले शुल्क परत आले नाही.

अभ्यासक्रम कोणता, हे पाहताना नावांचा गोंधळ होतो. बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी, बीएस्सी रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी, बॅचलर ऑफ रेस्पिरेटरी थेरपी अशी वेगवेगळी नावे तुम्हाला दिसतील. साधारणपणे तीन वर्षे अध्ययन आणि एक वर्ष इंटर्नशिप असा सगळ्यांचा सांगाडा असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या ‘बीपीएमटी’ या परावैद्यकीय तंत्रज्ञानाच्या पदवीखाली भूल तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ अशा शाखा चालतात. त्या चांगल्या आहेत आणि शुल्कही परवडणारे असते, पण त्या म्हणजे श्वसनोपचाराची पदवी नव्हे; दोन्हींत गल्लत करून अर्ज भरू नका, आणि समजून-उमजून भूल तंत्रज्ञाची शाखा घेतली तर त्यात कमीपणाही मानू नका. श्वसनोपचाराची स्वतंत्र पदवी देणाऱ्या देशातील जुन्या नावाजलेल्या ठिकाणांत मणिपालचे आरोग्य व्यवसाय महाविद्यालय, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि कोची येथील अमृता विद्यापीठ यांची नावे घ्यावी लागतील. प्रत्येकाची प्रवेशपद्धती निराळी आहे आणि वेल्लोरला स्पर्धा तीव्र असते. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजीची पदवी मिळते. गडहिंग्लजच्या मुलीला संकेश्वरमार्गे सीमा ओलांडणे परके नाही, त्यामुळे हा पर्याय तुमच्या घरी निघेलच. पण त्यासाठी कोल्हापूर विभागीय मंडळाकडून स्थलांतर प्रमाणपत्र आणि तिकडच्या विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही दोन्ही कागदपत्रे प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून मिळतीलच असे धरून चालू नका.

कायद्याची बाजू आता पूर्वीइतकी धूसर राहिलेली नाही. 2021 साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञांचा समावेश आहे. या कायद्यात ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घेण्यासाठी किमान 2,000 तासांचे, 2 ते 4 वर्षांत विभागलेले शिक्षण अपेक्षित आहे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ या वरच्या वर्गासाठी किमान 3,600 तास आणि 3 ते 6 वर्षे असा कालावधी आहे. कायदाही तासांचीच भाषा बोलतो, हे मला मनापासून बरे वाटते. त्यामुळे सहा महिन्यांत ‘आयसीयू व व्हेंटिलेटर तंत्रज्ञ’ करून देतो म्हणणारा फलक दिसला तर तो या मोजमापात कोठेच बसत नाही, हे लक्षात ठेवा. तसेच 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. एखादी ‘अकादमी’ किंवा ‘फाउंडेशन’ स्वतःच्या नावाने पदवी देऊ शकत नाही. घरबसल्या, दूरस्थ पद्धतीने या क्षेत्रातील पदवी घेण्याचा मार्गही विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या प्रवेशापासून बंद केला आहे, आणि तो बंद होणे योग्यच होते.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा नोकरीसाठी आला. त्याने एका संस्थेत दोन वर्षे घालवली होती, वडिलांनी म्हैस विकून शुल्क भरले होते, आणि प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता. त्याला मी रक्तवायूचा एक अहवाल वाचायला दिला; सामू (पीएच) 7.25, कार्बन डायऑक्साइड 68. सामान्य सामू 7.35 ते 7.45 आणि कार्बन डायऑक्साइड 35 ते 45 असतो, हे तो पाठ म्हणू शकला. पण हा रुग्ण पुरेसा श्वास बाहेर टाकू शकत नाही आणि नुसता ऑक्सिजन वाढवून त्याचे भागणार नाही, हे त्याला कळेना. दोन वर्षांत त्याने व्हेंटिलेटर लावलेला रुग्ण फक्त चार वेळा, तोही काचेपलीकडून पाहिला होता. त्याला आम्ही नोकरी देऊ शकलो नाही. त्याचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण त्या मुलाने कष्ट केले होते आणि फसवणूक त्याची झाली होती.

म्हणून संस्था पाहायला स्वतः जा, आणि जाताना वडिलांनाही बरोबर न्या. प्रवेश कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचण्यात वेळ घालवू नका; तिसऱ्या वर्षाच्या किंवा इंटर्नशिपच्या मुलींशी बोलण्याची परवानगी मागा. त्यांना विचारा की आठवड्यात किती दिवस वॉर्डात असता, एका इंटर्नकडे किती रुग्ण असतात, रक्तवायूचा नमुना धमनीतून स्वतः घ्यायला कोणत्या वर्षी शिकवले, नवजात अतिदक्षता विभागात किती आठवडे होता, रात्री कोण शिकवायला असते. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः श्वसनोपचाराचे पदवीधर आहेत, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. भूलतज्ज्ञ आणि छातीरोगतज्ज्ञ यांच्याकडून मिळणारे ज्ञान अमूल्य असते, पण नळी बांधताना ओठाच्या कोपऱ्याला जखम होऊ नये म्हणून दोरी कशी फिरवायची, हे तेच काम रोज करणारा माणूसच दाखवू शकतो. लॉगबुक, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कृतींची नोंदवही, मागून पाहा. त्यात प्रत्येक कृतीपुढे तारीख आणि देखरेख करणाऱ्याची सही असेल तर संस्था तास मोजते आहे. सगळी पाने एकाच शाईत, एकाच दिवशी भरल्यासारखी दिसत असतील तर काय समजायचे ते तुम्हाला सांगायला नको.

रुग्णालय संस्थेचे स्वतःचे आहे की दुसऱ्याशी करार केलेला आहे, हेही विचारा. करार असणे वाईट नाही, पण तो कागदावर दाखवता आला पाहिजे. फुप्फुसकार्य चाचणीची प्रयोगशाळा चालू आहे का, हे पाहायला विसरू नका. अनेक विद्यार्थी व्हेंटिलेटरच्या आकर्षणापायी या शांत खोलीकडे दुर्लक्ष करतात आणि ही मोठी चूक आहे. आपल्या जिल्ह्यात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये वाळूच्या धुळीत आयुष्य काढलेले कामगार आहेत, चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या बायका आहेत. त्यांच्यातील एखादी व्यक्ती जेव्हा पहिल्यांदा स्पायरोमीटरच्या नळीत फुंकते आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे एकूण हवेशी असलेले गुणोत्तर श्वासनलिका फुलवणारे औषध दिल्यावरही 0.70 च्या खालीच राहते, तेव्हा श्वासमार्गाचा कायमचा अडथळा व्हेंटिलेटरची वेळ येण्याच्या कितीतरी आधी ओळखता येतो. नीट फुंकायला न शिकवता घेतलेली चाचणी चुकीचे उत्तर देते. समोरच्या आजींना त्यांच्या बोलीत ‘आजी, दिवा विझवल्यागत जोरात, आणि थांबू नका’ असे समजावणे हेही कौशल्यच आहे.

काही संस्था अर्जाबरोबर ‘हा अभ्यासक्रम का निवडला’ यावर एक-दोन परिच्छेद मागतात किंवा मुलाखत घेतात. तेथे ‘मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे’ हे वाक्य लिहू नका. ते प्रत्येक अर्जात असते आणि वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याविषयी काहीही कळत नाही. मामांच्या खाटेजवळ सहाव्या दिवशी काय बदलले, थेरपिस्टने कोणती गोष्ट तपासून ‘आज स्वतः श्वास घेऊ लागले आहेत’ असे सांगितले, तुम्हाला तेव्हा काय समजले आणि काय समजले नाही, हे सरळ लिहा. न समजलेले लिहिण्यात संकोच करू नका. मुलाखतीत मी स्वतः विचारते ते प्रश्न साधे असतात: बोटाला लावलेला ऑक्सिमीटर काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही, परिचारिका होण्याऐवजी हेच का, तुमच्यासमोर वरिष्ठाची चूक होत असेल तर काय कराल. पहिल्या प्रश्नाला ‘ऑक्सिजन’ एवढेच उत्तर मिळते. ऑक्सिमीटर रक्तातील हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे त्याचा अंदाज देतो, कार्बन डायऑक्साइड साठला आहे का हे सांगत नाही, एवढे बारावीच्या विद्यार्थिनीने सांगितले तरी मला पुरते. तिसऱ्या प्रश्नाला तयार उत्तर नाही. मला तेथे उमेदवार विचार करताना दिसला पाहिजे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर, एवढे तहसील कार्यालय, सेवा केंद्र आणि जिल्हा जात पडताळणी समिती यांच्याकडून आताच गोळा करायला लागा. वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो. सर्व कागदांवर नावाची अक्षरे एकसारखी आहेत का, हे आधी पाहा. नीटच्या तयारीत एक वर्ष गेले असेल तर शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्रही लागते.

शुल्काबाबत अनेक पालकांचा एक गैरसमज होतो. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ जाहीर केला. तो खाजगी अभिमत विद्यापीठांना लागू नाही, आणि श्वसनोपचाराच्या पुष्कळशा जागा नेमक्या तेथेच असतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने असलेली शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना ‘महाडीबीटी’ या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मिळते, परंतु तुमची संस्था आणि तुमचा अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या. ज्या शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करून खेड्यातल्या मुलांना शिक्षणाचा रस्ता दाखवला, त्यांच्या जिल्ह्यातील मुलीने या योजनांचा हक्काने शोध घ्यावा. परराज्यात जाणार असाल तर मात्र या योजना गृहीत धरू नका आणि कर्जाचा अर्ज ‘विद्यालक्ष्मी’ संकेतस्थळावरून वेळेत करा. वसतिगृह, जेवण आणि इंटर्नशिपच्या वर्षाचा खर्च शुल्काच्या आकड्यात धरलेला नसतो. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते की उलट शुल्क घेतात, हेही विचारा.

नोकरीविषयी मी गोड चित्र रंगवणार नाही. कोल्हापुरात मोठ्या रुग्णालयांत हे पद ओळखले जाऊ लागले आहे, पण लहान रुग्णालयांत तेच काम अजून निवासी डॉक्टर आणि सिस्टर्स करतात आणि सुरुवातीचा पगार तुमच्या शिक्षणाच्या मानाने कमीच वाटेल. पहिली दोन-तीन वर्षे पुणे, मुंबई किंवा बंगळूर येथील मोठ्या अतिदक्षता विभागात काढण्याची तयारी ठेवा. व्हेंटिलेटर बनवणाऱ्या कंपन्यांना यंत्र शिकवणारे पदवीधर लागतात, निद्रा प्रयोगशाळांत आणि घरी बायपॅपवर (मुखवट्यातून श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) असलेल्या रुग्णांच्या सेवेत कामे असतात. आखाती देशांत जाण्यासाठी परवाना परीक्षा आणि मूळ संस्थेकडून कागदपत्रांची पडताळणी होते, म्हणजे तेथेही संस्थेचा खरेपणाच तपासला जातो. ‘ही पदवी घेतली की थेट अमेरिकेत’ असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नका. तेथील परीक्षेला बसण्यासाठी त्यांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच शिक्षण व्हावे लागते.

राहिली रात्रपाळी. ती आहे, ती टळणार नाही, आणि ज्या संस्थेत विद्यार्थिनींना रात्रपाळी देतच नाहीत तेथे शिक्षण अपुरे राहते असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रुग्ण बिघडतो तेव्हा घड्याळ पाहत नाही. पण तुमच्या वडिलांची चिंता मी समजू शकते. माझे वडीलही पहिले सहा महिने रोज पहाटे फोन करत. त्यांनी संस्थेला हे विचारावे: वसतिगृह रुग्णालयाच्या आवारात आहे का, पाळी बदलताना सुरक्षारक्षक सोबत असतो का, महिलांसाठी कपडे बदलण्याची व विश्रांतीची स्वतंत्र खोली आहे का, तक्रार निवारण समितीतील सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत का. ही विचारणा करणाऱ्या पालकाकडे जी संस्था कपाळाला आठ्या घालून पाहते, ती यादीतून काढून टाका.

आणखी एक काम आजच करता येण्यासारखे आहे. वॉर्डात पाठवण्यापूर्वी बहुतेक संस्था हिपॅटायटिस बी लसीकरणाचा पुरावा मागतात. मोठ्या वयात ही लस घेताना तिच्या तीन मात्रा असतात: पहिली, त्यानंतर एका महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. लहानपणी ती घेतली आहे का हे लसीकरणाच्या कार्डावर पाहा. कार्ड सापडत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून पहिली मात्रा याच आठवड्यात घ्या, म्हणजे वॉर्ड सुरू होईपर्यंत तिन्ही पूर्ण झालेल्या असतील.